बेल न उचललेला हात

मी स्वभावाने संशयी आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. भाजीवाल्याने काटा जरा घाईने खाली ठेवला की मी पुन्हा वजन करायला लावतो. घराबाहेर पडताना कुलूप ओढून बघतो, आणि जिना उतरल्यावर परत वर जाऊन पुन्हा ओढतो. आमची ही सगळ्या पाहुण्यांना सांगते, "लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हासुद्धा हे बाजूनं डोकावून बघत होते, पोरगी तीच हाय का म्हणून." हे खरं आहे. माझ्या एका चुलतभावाची फसवणूक झाली होती, त्यामुळे मी खात्री करून घेत होतो.

हाच स्वभाव आजवर मला पोसत आलाय. चाकणच्या एका कारखान्यात मी क्वालिटीत आहे, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या मालावर शंका घेण्याचा मला पगार मिळतो. लातूरकडून इकडे आलो तेव्हा आधी भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागलो होतो. तिथला फोरमन तोंडाचा फटकळ, पण शिकवायचा मनापासून. तो म्हणायचा, "ज्या दिवशी एकपण पीस रिजेक्ट होत नाही ना, त्या दिवशी पेढे वाटू नको. आधी गेज तपास. गेज झिजलं की सगळंच पास होतं." मोजायचं साधनच झिजलं तर वाईट मालसुद्धा चांगला ठरतो, एवढाच त्याचा अर्थ. पण हे वाक्य माझ्या डोक्यात असं बसलं की कारखान्याबाहेरही ते मला स्वस्थ बसू देत नाही. आमच्या रहाटणीच्या चौकात मोठा फ्लेक्स लागतो, "बिनविरोध निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन", त्यावर गॉगल लावलेले हसरे चेहरे असतात. लोक अभिनंदन वाचतात. माझी नजर 'बिनविरोध'वर अडकते आणि वाटतं, एवढ्या मोठ्या वस्तीत एकालाही काही वेगळं वाटलं नाही? मग कुणीतरी गेज तपासायला हवं.

तर मागच्या कराराच्या वेळची ही गोष्ट.

आमच्या कारखान्यात कामगारांची युनियन आहे. दर काही वर्षांनी कंपनीबरोबर करार होतो, पगार, सुट्ट्या, कॅन्टीन, सगळं त्यात येतं. वाटाघाटी करते ती कामगारांनी निवडलेली समिती, आणि समितीने आणलेला करार गेटसमोरच्या सभेत हात वर करून मंजूर होतो. त्याच्या आधीच्या करारात मोठा घोटाळा झाला होता. कंपनीने एकेकाला वेगवेगळं गाठून वेगवेगळं आमिष दाखवलं, आमच्यात दोन तट पडले, आणि पदरात पडलं ते पाहून दोन्ही तटांनी कपाळावर हात मारला. तेव्हापासून 'फूट' या शब्दाचा सगळ्यांनी धसकाच घेतला होता.

या खेपेला मला आणखी एक काळजी लागली होती. परराज्यात कंपनीचा नवा प्लँट उभा राहतोय अशी कुजबुज होती. माझ्या डोळ्यांनाही काही गोष्टी खटकत होत्या. अनोळखी पाहुणे येऊन मशिनींची लांबी-रुंदी टेपने मोजून जायचे. आमच्या लाइनची एक मशीन बंद पडली तर तिच्यावर ताडपत्री टाकली, पण पार्ट काही मागवले नाहीत. ज्याला गाय विकायची असते तो तिच्या गोठ्याला पत्रे कशाला घालील? मला वाटायचं, मशिनी हलणार, आणि मशिनींबरोबर माणसंही हलवतील. त्याचं कलम करारात कुठेतरी येईल. पाणी कुठेतरी मुरतंय एवढं नक्की होतं.

हे सगळं मी माझ्या बसमधल्या सोबत्याला सांगायचो. तो रहाटणीतच माझ्या पुढच्या गल्लीत राहतो, मूळचा कोकणातला. कंपनीच्या बसमध्ये आमची सीट वर्षानुवर्षं ठरलेली, खिडकी त्याची, कडेची माझी. त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले. सकाळी त्यांची आंघोळ, औषध, भरवणं सगळं करून तो बस पकडायचा, आणि सुटल्यावर थेट घर गाठायचा. "मला बाहेर पाठवलंन तर बाबांचं कोण करणार रे?" एवढंच तो म्हणायचा आणि खिडकीबाहेर बघत बसायचा. त्याची बदली म्हणजे नोकरी सोडणं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

वाटाघाटी सुरू होण्याआधीच्या गुरुवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, सगळ्यांना अध्यक्षांच्या गावी बोलावलं. युनियनचे अध्यक्ष चाकणजवळच्या जुन्या शेतकरी घरातले. जमीन एमआयडीसीत गेली, त्या बदल्यात नोकरी लागली. माणूस सरळ, शब्दाला पक्का, म्हणून मलाही आवडायचा. अर्थात माझ्या आवडण्याला मर्यादा असतात.

ग्रामदैवताच्या देवळात आम्ही जमलो. गाभाऱ्यासमोर पितळेचं ताट, त्यात हळदीचा भंडारा आणि बेलाची पानं. ताट रांगेने फिरणार, समोर आलं की एकेकाने बेल-भंडारा उचलायचा, म्हणजे तो हातात घेऊन देवासमोर शब्द द्यायचा. शब्द असा होता: समितीचा निर्णय तो माझा निर्णय, त्याविरुद्ध मी बोलणार नाही. अध्यक्षांनी पहिला बेल उचलला. मग समितीने, मग रांगेने सगळ्यांनी. आमच्याकडे कोर्टातली शपथ माणूस चहा पिता पिता मोडतो, पण बेल-भंडारा मोडायची कुणाची छाती होत नाही. पोराबाळांवर येईल अशी भीती असते.

माझा सोबती माझ्या पुढे होता. त्याने डोळे मिटून बेल उचलला. ताट माझ्यासमोर आलं आणि माझा हात काही वर होईना.

"उचला की राव," अध्यक्ष म्हणाले.

"करार झाला का?"

"न्हाई. अजून बोलणी बी चालू न्हाईत."

"मग कशाला हो म्हणू? आधी करार दाखवा, मी वाचतो, मग उचलतो."

मागून कुणीतरी म्हणालं, "ह्याला काय देव बी मोजून घ्यायचा हाय का?" थोडे लोक हसले.

अध्यक्षांचा चेहरा उतरला. "तुमचा आमच्यावर इश्वास न्हाई?"

मी खोटं बोललो असतो तर सुटलो असतो. पण म्हणालो, "माझा माझ्या डोळ्यांवरपण नाही, साहेब. म्हणून तर गेज लावतो. उद्या सभेत मी कदाचित सगळ्यांच्या आधी हात वर करीन. पण आजच तोंड बांधून घेणार नाही. तोंड बांधायचं तर सभा कशाला घेता?"

ताट पुढे गेलं. प्रसादाच्या पंगतीत माझ्या डाव्या-उजव्या बाजूला कुणी बसलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी कंपनीचा माणूस झालो. कुणी तसं तोंडावर म्हणत नव्हतं, पण बसमध्ये शिरलो तर सोबती मागच्या सीटवर जाऊन बसलेला. खिडकी मोकळी, मी कडेला. कॅन्टीनमध्ये मी ताट घेऊन टेबलाशी गेलो की समोरच्यांचं जेवण अचानक संपायचं. युनियनच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर समितीच्या प्रत्येक ओळीखाली अंगठ्यांची रांग लागायची. मी एकदा नुसतं 'सविस्तर कळेल का?' असं विचारलं तर खाली एकही अक्षर उमटलं नाही. मला वाईट वाटलं का? वाटलं. राग तर खूपच आला. ज्यांच्या पीसवर मी रोज शिक्का मारतो, ज्यांच्या घरी बारशाला गेलोय, त्यांनी मला वाळीत टाकावं?

घरी तर वेगळीच तऱ्हा. समितीतल्या एकाची बायको आमच्याच बिल्डिंगमध्ये राहते. तिने हळदीकुंकवाला सगळ्या मजल्यांवर बोलावलं आणि आमचं दार तेवढं वगळलं. त्या संध्याकाळी हिने भाकऱ्या अशा थापल्या की पोळपाट फुटेल असं वाटलं.

"एक पान उचलायचं होतं, पहाड उचलायचा नव्हता," ती म्हणाली.

"आणि करारात बदली निघाली तर?"

"निघाली तर सगळ्यांची निघंल. तुम्ही एकटेच कामून मरायलाव?"

मी उठून कुलूप लागलंय का बघून आलो. आम्ही दोघंही घरातच होतो.

त्यातच एचआरच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आम्हाला चहा मिळतो मशीनचा, कागदी कपातून. साहेबांनी चहा मागवला तो कपबशीतून, वर बिस्किटं. मी तिथेच सावध झालो. "तुमच्यासारखी स्वतंत्र विचारांची माणसं युनियनमध्ये पुढे यायला हवीत," साहेब म्हणाले. "लोकशाहीत मतभेद हवेतच." ज्याने आयुष्यात माझ्या रिजेक्शन रिपोर्टवर धड सही केली नाही, त्याला माझे मतभेद अचानक गोड लागायला लागले. मी म्हणालो, "साहेब, माझा मतभेद तुमच्याशी आहे. त्यांच्याशी फक्त शपथेपुरता आहे." चहा तसाच ठेवून उठलो. पण केबिनला काचेची भिंत. मी आत गेलो ते सगळ्यांनी पाहिलं, चहा प्यायलो नाही हे कोण बघणार? जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्या कपबशीची बातमी पेंट शॉपपर्यंत पोहोचली होती.

तेव्हा मला एक गोष्ट कळली आणि ती आवडली नाही. विरोध करणाऱ्याला कुणी विचारत नाही असं नाही. त्याला आपलं म्हणायला शत्रू लगेच येतो. आपली माणसं तेवढी वेळ लावतात.

शेवटी करार ठरला. सभेआधी कॅन्टीनमध्ये युनियनच्या सेक्रेटरीने तो वाचून दाखवला. पगारवाढीपाशी तो सावकाश वाचत होता, शिट्ट्या पडल्या. कॅन्टीनच्या मेनूलाही टाळ्या मिळाल्या. मग एक कलम त्याने मालगाडी गेल्यासारखं एका दमात वाचून टाकलं: व्यवस्थापनाच्या गरजेनुसार कुठल्याही कायम कामगाराची कंपनीच्या कुठल्याही प्लँटला बदली करता येईल. मी मान वळवून सोबत्याकडे पाहिलं. तो हातातल्या ग्लासकडे बघत होता. आसपास बरेच जण असेच ग्लासकडे, बुटांकडे बघत होते. सगळ्यांना ऐकू गेलं होतं. तोंड एकाचंही उघडलं नाही. अळीमिळी गुपचिळी.

सभा दुसऱ्या दिवशी, पहिली शिफ्ट सुटल्यावर होती. त्या दिवशी सकाळपासून माझ्याकडे माणसं यायला लागली. एकेकटी. हात धुण्याच्या नळावर एक जण शेजारी उभा राहिला, समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "भाऊ, ते बदलीचं विचारा ना. तुम्ही बेल उचलला नाही, तुम्हाला चालतंय." सायकल स्टँडपाशी दुसरा भेटला. ज्याने देवळात 'देव मोजून घ्यायचा हाय का' म्हटलं होतं तोही आला. आणि मग माझा सोबती. तो सरळ समोर उभा राहिला, पण त्याचे डोळे भरलेले. "मी शब्द देऊन बसलोय रे. बाबांच्या जिवावर यायचं काहीतरी. तूच विचार."

फूट पडू नये म्हणून या लोकांनी शपथ घेतली होती, आणि ती शपथ आता त्यांच्याच तोंडाला कुलपासारखी बसली होती. मला हसू आलं, चीडही आली. इतके दिवस बाजूला बसायला तयार नव्हते, आता माझ्या खांद्यावर बंदूक ठेवायला निघाले. शिवाय माझा संशय गप्प बसेना. हे सगळे मिळून मला उभं करतील, मी बोललो की 'बघा, फोडाफोड करतोय' म्हणतील, आणि कायमचा काटा काढतील. कुणी सांगावं?

मी माझ्या टेबलाशी जाऊन कामाला लागलो. थोड्या वेळाने अध्यक्ष आले. हातात एक पीस होता. "जरा हा बघा," म्हणाले. मी गेज लावलं. पीस चांगला होता, आणि त्यांनाही ते माहीत होतं.

"समितीत मी एकटा पडलो," ते हळूच म्हणाले. "बदलीचं कलम मला नगं व्हतं. बाकीचे म्हणले, पगार चांगला मिळतुय, जाऊ द्या. बहुमत त्यांचं झालं. समितीचा निर्णय तो माझा निर्णय. बेल तर मीच पयला उचललाय. आता बोललो तर शब्द मोडतुय."

"मग मला का सांगताय?"

"तुमी सुटं हाय."

"तुम्ही खरं बोलताय हे मला कसं कळणार? उद्या म्हणाल, मी असलं काही बोललोच नाही."

त्यांनी टेबलावरचा पीस उचलला. "न्हाई कळणार," म्हणाले. "तुमी मला बी इचारताय, म्हणून तर तुमच्याकडं आलो." आणि निघून गेले.

सभेत मी अगदी शेवटच्या क्षणाला उठलो. सेक्रेटरी म्हणाला होता, "मंजूर असेल तर हात वर करा," आणि हात वर जायलाही लागले होते. मी ओरडलो, "थांबा. बदलीचं कलम पुन्हा वाचा. बदली कुणाची, कुठे, आणि कामगार नाही म्हणाला तर काय?"

एकदम गिल्ला झाला. "बस खाली!" "चहा गोड होता का रे?" सगळ्यात मोठा आवाज कुणाचा होता? नळावर मला भाऊ म्हणणाऱ्याचा. मी त्याच्याकडे बघितलं, तर त्याने नजर चुकवली पण ओरडायचा थांबला नाही. सोबती गर्दीत कुठेतरी होता, त्याचा आवाज काही आला नाही. क्षणभर वाटलं, झालं, सापळाच होता. ही माणसं तशीच जाऊ देत परराज्यात, माझं काय जातंय?

पण मी बसलो नाही. अर्धा हट्ट होता, आणि अर्धी त्या अंथरुणावरच्या म्हाताऱ्याची आठवण. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

मग अध्यक्ष उभे राहिले. "सभंत प्रश्न आलाय," ते म्हणाले. "मी त्याच्या बाजूनं न्हाई न् इरोधात बी न्हाई. पर सभंतला प्रश्न गिळायचा नसतो. उत्तर येईस्तवर हात खाली घ्या."

हात खाली आले. इतक्या पटापट आले, जणू सगळे त्याचीच वाट बघत होते. सेक्रेटरीकडे उत्तर नव्हतं. कलम परत कंपनीकडे गेलं, पुन्हा बैठका झाल्या, आणि शेवटी 'कामगाराच्या संमतीनेच' असे शब्द घालून परत आलं. तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होतो.

माझा कुणी सत्कार केला नाही, आणि केला असता तर मी हार तपासून घेतला असता. काही जण आजही म्हणतात की तो सगळा कंपनीचाच डाव होता. दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढलो तर सोबती आमच्या सीटवर खिडकीशी बसलेला. त्याने पिशवीतून काजू काढून दिले, घरचे, कोकणातले. त्या दिवसाबद्दल तो कधीच एक शब्द बोलला नाही. काजू मात्र बरेच दिवस येत राहिले. आता त्याचे वडील गेले. शेवटचं पाणी त्याच्याच हातून प्यायले, रहाटणीतल्या घरात.

परवा पुन्हा देवळात जमलो. नवा करार तोंडावर आलाय, आणि पुन्हा एक कुजबुज आहे, या वेळी नव्या यंत्रांची, ज्यांना माणसं कमी लागतात. पुन्हा तेच ताट, तोच भंडारा. मला वाटलं होतं, मागच्या खेपेनंतर ही प्रथाच बंद होईल. झाली नाही. अध्यक्ष ताट घेऊन रांगेने येत होते. माझ्यासमोर आले आणि हसले. "ह्यांना नगं," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "एक जण सुटा ठिवायचा असतो." लोकही हसले, मायेने. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली.

मला बरं वाटलं. मान मिळाला की कुणालाही वाटतं. पण दुसऱ्याच क्षणी माझ्या जुन्या रोगाने डोकं वर काढलं. ह्यांनी विरोध मान्य केलाय, की विरोध करायचं काम मला वाटून देऊन बाकीचे मोकळे झालेत? सगळ्यांचा मिळून एकच संशयी माणूस, तो देवळात बाजूला उभा, आणि उरलेल्यांनी निवांत डोळे मिटायचे. हे तर वाळीत टाकण्यापेक्षाही सोयीचं होतं.

ताट माझ्या शेजारी, सोबत्यासमोर गेलं. त्याने बेलाच्या पानाकडे हात नेला.

"उचलतोस?" मी विचारलं. "वाचल्याशिवाय?"

"तू आहेस ना विचारायला," तो हसत म्हणाला.

"मी दिवाळीला रिटायर होतोय. करार सभेत येईल तो त्यानंतर."

हे त्याला माहीत होतं, पण त्याने तसा विचार केला नसावा. त्याचा हात ताटावर थांबला. बोटं भंडाऱ्याने पिवळी झाली होती, पान अजून ताटातच होतं. अध्यक्ष म्हणाले, "उचला लवकर, मागं लोकं खोळंबल्यात." त्याने पान उचललं नाही, आणि हातही मागे घेतला नाही. मी त्याच्या हाताकडे बघत राहिलो.